हायकूतला वसंत आणि बेडूक

प्रश्न: वसंतावर हायकू लिहितेय, ५-७-५ अक्षरं मोजावीच लागतात का? आणि जपानी हायकूत वसंतात बेडूक कसा, तो तर पावसाळ्यातला ना?

उत्तर: आपल्याकडे पावसाळ्यातला, पण जपानी ऋतुशब्दांच्या यादीत बेडूक वसंतातच येतो, थंडी सरली की तिकडे त्यांची डरावडराव सुरू होते म्हणून. तुम्ही कशाला उसना घेताय, पळस आहे की! मोजणीचं म्हणाल तर जपानीत दीर्घ स्वराचे दोन धरतात, 'टोक्यो' चार भरतं, मराठीत आपण सरळ अक्षरं मोजतो आणि बरेच जण तेही सैल सोडतात, मला तरी चालतं. हे बघा:

पळस पेटे
पान एकही नाही
मैना भांडती

यात 'वसंत' नाही, 'सुंदर' तर नाहीच. 'पेटे' मात्र फार वापरून झालंय, बदला हवं तर.