छप्पन्न अंशांचं काय करायचं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. 'तज्ज्ञांचं ज्ञान ही सत्तेचीच भाषा' असं पहिल्याच पानावर लिहिलंस आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाहीस. तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळं यांच्याबद्दल फूको या फ्रेंच विचारवंताने विचारलेले प्रश्न विचारायलाच हवे होते. महाकथनांवरचा, म्हणजे सगळं जग एकाच गोष्टीत समजावून सांगणाऱ्या विचारांवरचा, विश्वास उडालाय, असं ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये लिहिलं, तेही मला पटतं.

पण आपल्या नागपूरचं बघ. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा मोबाइलवरून घरोघर पोचला. हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडलाय; इतर काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. तरी 'खरा आकडा दाबला' म्हणणारे मला आजही भेटतात. खातं खुर्चीच्या जोरावर खरं ठरत नाही, हे त्यांचं बरोबर. पण एकाच शहरात, एकाच दुपारी बारा अंशांचा फरक पडावा आणि शेजारच्या काही केंद्रांना त्याचा पत्ताही लागू नये? हे तूसुद्धा ताडून पाहू शकतेस. तज्ज्ञाचं ऐकायचं ते यासाठी, की त्याला खोटं ठरवायची वाट तो मोकळी ठेवतो.

विज्ञानातली तथ्यं घडतात कशी, याची आयुष्यभर चिकित्सा करणाऱ्या ब्रुनो लातूर या फ्रेंच अभ्यासकानेच २००४ मधल्या एका लेखात धास्ती व्यक्त केली होती, की आपली चिकित्सेची हत्यारं हवामानबदल नाकारणाऱ्यांनी उचलली. तो लेख आधी वाच.

म्हणून ज्ञानामागे सत्ता कोणाची, हा तुझा प्रश्न सोडून दे, असं मी म्हणत नाही. तो योग्य जागी लाव. हवामान केंद्रात हवेचं तापमान मोजतात ते परंपरेने पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, सावलीत. मे महिन्यात कॉटन मार्केटात हातगाडी ओढणाऱ्याच्या पायाखाली तापलेलं डांबर असतं आणि डोक्यावर छप्पर नसतं. पेटीतले ४४ खरे आहेत, पण त्याच्या अंगाची होरपळ त्यात येत नाही. ऊन, वारा आणि दमटपणा धरून ती मोजायची पद्धत शास्त्रज्ञांकडे आहे. ती त्या रस्त्यावर वापरतात का? नसतील, तर ते कोणी ठरवलं? इथे फूको तुझ्या कामी येईल, कारण हा प्रश्न तज्ज्ञाला आणखी मोजायला लावतो.

निबंधाचं दुसरं प्रकरण यावरच लिही. त्याआधी परवानगी काढून सोनेगावच्या हवामान केंद्रात जा, निरीक्षक काय सांगतात ते नीट ऐक. मग हातगाडीवाल्यांशी बोल, भर दुपारी, ते काम करतात त्याच वेळी. पाण्याची बाटली सोबत ठेव, दुपट्टा बांधून जा.

तुझे,
सर