लेकीने पाठवलेली बॅग कपाटात का?

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय 61, शाळेतून निवृत्त झाले. लेक बंगळुरूला नोकरी करते. माझ्या वाढदिवसाला तिने लुई व्हिटाँची 'नेव्हरफुल' बॅग पाठवली. भिशीला नेली, तर एकीने हात लावून विचारलं, "फर्स्ट कॉपी ना?" खरी आहे म्हटल्यावर दुसरी म्हणाली, "अगं, हे चामडंसुद्धा नाही, प्लास्टिक आहे. तेवढ्यात बांगडी झाली असती." घरी भाऊ म्हणाला, "तुला हे मिरवणं शोभत नाही." नेटवर किंमत पाहिली तेव्हा छातीत धस्स झालं, ते वेगळंच. तेव्हापासून बॅग कपाटात आहे. लेकीला परत करायला सांगू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, परत करू नका. आणि आधी ती कपाटातून बाहेर काढा.

तुमच्या मैत्रिणीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. बॅगेचा तपकिरी, अक्षरं-फुलांचा भाग चामड्याचा नसतो. जाड सुती कापडावर, म्हणजे कॅनव्हासवर, पीव्हीसी या प्लास्टिकचा थर दिलेला असतो. पण यात तुमच्या लेकीला कुणी फसवलेलं नाही, ही कंपनी उभीच राहिली ती कॅनव्हासवर. लुई व्हिटाँ हा पॅरिसमधला ट्रंका बनवणारा कारागीर, त्याने 1854 मध्ये स्वतःचं दुकान काढलं. तेव्हा प्रवासाच्या ट्रंकांना गोल झाकण असायचं, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. त्याने सपाट झाकणाची, पाण्याला दाद न देणाऱ्या कॅनव्हासने मढवलेली हलकी ट्रंक आणली, एकावर एक रचता येणारी. लोक तिची नक्कल करायला लागले. त्यावर उपाय म्हणून त्याच्या मुलाने, जॉर्जने, 1896 मध्ये ही एलव्ही अक्षरांची नक्षी काढली. आज आपण जिला मिरवण्याची खूण समजतो, ती मुळात नकला रोखायला आली.

चामडं आहे ते हँडलला, कडांच्या पट्ट्यांना आणि दोन्ही बाजूंच्या बंदांना. झाडपाल्याच्या अर्काने कमावलेलं, रंगाचा लेप न दिलेलं चामडं. नवं असताना फिक्कट, जवळजवळ दुधी दिसतं. वापरात हाताचा घाम, ऊन, हवा लागून हळूहळू मधाळ आणि मग तांबूस होत जातं. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या बॅगा उसवते आणि शिवते. अशी बॅग दुरुस्तीला आली की मी आधी हँडल बघते. बाई बॅग मुठीत धरते की खांद्याला अडकवते, हे हँडल कुठे काळवंडलंय त्यावरून कळतं. ती खूण मला फार आवडते. कपाटातल्या बॅगेला ती कधीच येणार नाही, उलट आपल्या पावसाळ्यात बुरशी येईल. वापरा. पावसात मात्र हँडल जपा, थेंबांचे डाग त्या चामड्यावर राहतात. कॅनव्हास ओल्या फडक्याने पुसला तरी चालतो. ठेवायचीच झाली तर सोबत आलेल्या कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कोंबू नका.

आता त्या तीन वाक्यांबद्दल. पहिलीला वाटलं, निवृत्त शिक्षिकेकडे खरी बॅग कुठून येणार. दुसरीला आपलं ज्ञान चारचौघांत दाखवायचं होतं. भावाने तुमची पायरी ठरवून टाकली. बॅग कुणी नीट पाहिलीच नाही. मला याची मनापासून चीड येते, कारण हे नाक मुरडणं कुठेही थांबत नाही. भरपूर पैसेवाल्यांत लुई व्हिटाँ म्हणजे 'सगळ्यांकडे असते ती'. त्यांना हवी हर्मेस या फ्रेंच कंपनीची 'बर्किन' बॅग, जी दुकानात जाऊन नुसते पैसे मोजून मिळत नाही. जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी 1984 च्या सुमारास बनलेली तिची स्वतःची पहिली बॅग जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना गेली. आणि त्यांच्याही वर असे लोक आहेत, ज्यांना बॅगेवर नाव असणंच हलकं वाटतं. ते बोतेगा वेनेता या इटालियन कंपनीची विणलेल्या चामड्याची, बिननावाची बॅग घेतात आणि बर्किनवालीकडे बघून नाक मुरडतात.

आपल्याकडेही लग्नाच्या मांडवात कुणाचा तरी पदर चिमटीत धरून "येवल्याची का सेमी?" विचारणाऱ्या बायका असतातच. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, हे माहीत असणं उत्तम. पण पदर उलटून बघायचा तो दुकानात, पैसे मोजण्याआधी. नेसलेल्या बाईच्या अंगावरचा नाही.

किंमत वाजवी आहे का, असं विचाराल तर माझं मत : नाही. महागडी बॅग म्हणजे शिवणाऱ्याच्या हातात भरपूर पैसे पडले, असंही धरून चालू नका. 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयात दिओर या फॅशन कंपनीच्या पुरवठादारांचं प्रकरण गेलं. दुकानात 2,600 युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जोडणीसाठी ठेकेदाराला 53 युरो मिळत होते, चामड्याचा खर्च वेगळा. हे लेकीशी जरूर बोला, पुढच्या खरेदीआधी. पण ही बॅग तिने स्वतःच्या कमाईतून आईसाठी घेतली आहे. ती परत पाठवलीत तर तिला किंमत कळणार नाही, आईला आवडली नाही एवढंच कळेल. भिशीत कुणी विचारलं तर "लेकीने दिली" म्हणा आणि चहा घ्या. खरी-खोटी, किंमत, कापड, कशाचाही खुलासा देत बसू नका. भावालाही तेवढंच सांगा.

प्रश्न : बजेट पाच-सहा हजारांचं आहे. ऑफिसात सगळ्यांच्या बॅगा ब्रँडेड. फर्स्ट कॉपी घेतली तर काय बिघडलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घेऊ नका. खोटी नाममुद्रा लावून माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय तुम्ही पैसे छापासाठी मोजता, आत काय आहे ते कळत नाही. तेवढ्याच पैशांत धारावीच्या चामड्याच्या दुकानांत बिननावाची, खऱ्या चामड्याची चांगली बॅग मिळते. हातात घेऊन कापलेली कड बघा : आत तंतू दिसले पाहिजेत, कापडाचा पांढरा थर दिसला तर ते रेक्झिन. कडेला रंग असेल तर नखाने हलकेच ओढा, पापुद्रा निघता कामा नये. मग आत हात घालून हँडल जिथे जोडलंय तिथलं अस्तर चाचपा. तिथे जादा तुकडा लावून दुहेरी शिवण घातलेली असेल तर बॅग टिकते, नुसती एकेरी असेल तर लॅपटॉपच्या वजनाने पहिल्यांदा तिथेच उसवेल.