दिवाळीच्या घरगुती भेटी: मुलांच्या हाताला झेपेल तेवढंच

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा, नातेवाईक आणि शेजारी धरून सोळा घरं, दिवाळीला पाच आठवडे. यंदा सुकामेव्याचे विकतचे खोके द्यायचे नाहीत, मुलांच्या हातचं काहीतरी द्यायचं आहे. आणि भाऊ परदेशात आहे, त्याला काय पाठवावं तेही ठरत नाहीये. माझी मुलं आता पंधरा आणि अकरा वर्षांची आहेत. थोरली चार वर्षांची असल्यापासून आम्ही दर दिवाळीला घरी केलेलीच भेट देतो, त्यामुळे काय जमतं आणि काय फसतं याचा बराच अनुभव गाठीशी आहे.

आधी एक ठरवा: सोळा घरांना एकच वस्तू. या घराला कंदील, त्या घराला साबण, तिसऱ्याला तोरण असं सुरू केलंत की धनत्रयोदशीच्या रात्री मुलं झोपलेली असतील आणि तुम्ही एकट्या डिंकाची बाटली घेऊन बसलेल्या असाल. एकच वस्तू सोळा वेळा केली की पाचव्या-सहाव्या खेपेला मुलाचा हात बसतो. शेवटच्या चार तर इतक्या सुंदर होतात की त्या द्यायला मन धजत नाही.

दुसरं, वस्तू अशी निवडा की तिच्यातला मुख्य भाग मुलाच्या हातून झालेला असेल. आपण सगळं करायचं आणि मुलाने शेवटी वर टिकली चिकटवायची, ही मुलाची भेट नव्हे, आणि ते त्यालाही कळतं. आमचा धाकटा चार वर्षांचा असताना त्याने सात पणत्या बाहेरून पूर्ण काळ्या रंगवल्या होत्या. पणती रात्री लावतात म्हणून काळी, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, सणाला काळ्या पणत्या कशा द्यायच्या. तो झोपल्यावर मी त्यातल्या दोन पिवळ्या रंगवून टाकल्या. सकाळी त्याने मोजल्या आणि विचारलं, "माझ्या दोन कुठे गेल्या?" त्याच्या दृष्टीने त्या आता त्याच्या राहिल्याच नव्हत्या. उरलेल्या पाच काळ्याच दिल्या. त्यातली एक माझ्या सासूबाईंच्या तुळशीवृंदावनात अजून आहे आणि पेटल्यावर तिची ज्योत इतर कुठल्याही पणतीपेक्षा उठून दिसते. तेव्हापासून मी मुलांच्या कामावर हात फिरवत नाही.

तुमच्या मुलांच्या वयाला पणतीच सगळ्यात योग्य, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पणत्या साध्या लाल मातीच्या घ्या, चाकावरच्या. साच्यातल्या नक्षीदार पणत्यांवर छोट्या हाताला रंगवायला जागाच उरत नाही. कुंभारवाडा जवळ असेल तर तिथूनच आणा आणि मुलांना बरोबर न्या. चाक फिरताना एकदा पाहिलं की मुलं पणती वेगळ्याच मायेने हातात धरतात. घराला दोन याप्रमाणे बत्तीस लागतील. चाळीस घ्या, फुटतात.

आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. पाण्यात टाकल्याबरोबर त्यांतून बुडबुडे येतात, ते बघायला मुलांना पाटावर बसवा. सकाळी जुन्या दातघासणीने घासून धूळ काढायची. साडेतीन वर्षांचा मुलगा हे काम तासभर आनंदाने करतो. मग दोन दिवस ऊन. हा टप्पा कधीही गाळू नका. दिवाळीआधी परतीचा पाऊस मध्येच येतो, हवा दमट असते, आणि ओलसर मातीवर लावलेला रंग आठवड्यात पापुद्रे धरून सुटतो. आमचा एक अख्खा वर्षाचा माल असा गेला आहे, तोही पाडव्याच्या आदल्या दिवशी.

रंग ॲक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर सुंदर दिसतो, पण ओल्या बोटाला लागतो. आधी बाहेरून पांढऱ्याचा एक पातळ हात द्या, म्हणजे वरचा रंग माती पिऊन टाकत नाही. पणतीच्या आत रंग नको. वरचा काठ साधारण एक सेंटिमीटर कोरा सोडा, आणि वात टेकते ती चोच तर पूर्ण कोरी, कारण तिथे ज्योत असते. मुलांना हे लक्षात राहत नाही, म्हणून काठाला कागदी चिकटपट्टी लावून द्या आणि नंतर ओढून काढा. भाजलेल्या मातीतूनही तेल हळूहळू पाझरतंच, तेव्हा भेट देताना चिठ्ठीत लिहा की पणतीखाली बशी किंवा आंब्याचं पान ठेवा. चमकीची पूड आणि आरशाच्या टिकल्या मी लहान मुलांच्या हातात देत नाही. ती पूड डोळ्यात जाते, जेवणात जाते, आणि होळीपर्यंत घरात सापडत राहते.

नक्षी कोणती? मुलगा बोटांचे ठसे देईल, बस. मुलीला वारली शिकवा. खरी वारली चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात आणि पणतीची लाल माती म्हणजे आयती गेरूची भिंतच, तेव्हा तिच्या पणत्यांना पांढरा हात देऊ नका, थेट मातीवर पांढऱ्या रंगाने काढू द्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचं धड झालं, वर एक ठिपका म्हणजे डोकं, चार रेघा म्हणजे हातपाय. सहा वर्षांच्या मुलीला हे दहा मिनिटांत येतं. ब्रशऐवजी काडेपेटीची काडी किंवा कानात घालायची कापसाची काडी द्या, रेघ जास्त ताब्यात राहते. आणि रंगवता रंगवता तिला सांगा की डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर नेऊन जगभर पोचवली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. माझ्या मुलीला त्यांची चित्रं दाखवल्यावर तिने पुढच्या वर्षी पणतीभोवती तारप्याचा नाच काढला, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून करतात तो. हातात हात धरलेली सगळी माणसं पणतीच्या गोलावर बरोबर बसली.

पणतीबरोबर वाती द्या. फुलवाती वळायला घरात आजी असतील तर त्यांनाच शिकवू द्या. कापसाची पुडी उलगडून, बोटांना दुधाचा किंवा भस्माचा हात लावून शेंडीला पीळ द्यायचा. माझी सहा वर्षांची मुलगी आजीच्या मांडीला मांडी लावून दुपारभर वळत बसायची. वाती सरळ येत नव्हत्या, पण जळत छान होत्या. तुपात भिजवून साच्यात घट्ट केलेल्या वातींचा हल्ली सगळीकडे बोलबाला आहे. घरच्या देवासाठी जरूर करा, पण भेटीत देऊ नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात वाटेतच तूप वितळतं आणि पिशवी तेलकट होते. कोरड्या वाती, घराला अकरा, कागदाच्या पुडीत.

पणत्या नकोच असतील तर उटणं. त्यात मुलांचं काम मोजणं, चाळणं आणि पुड्या भरणं. सोळा घरांना प्रत्येकी 50 ग्रॅम म्हणजे 800 ग्रॅम लागेल. आमचं प्रमाण असं: मसूर डाळीचं पीठ 400 ग्रॅम, मुलतानी माती 150, संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड 50, नागरमोथा 50, वाळा 50, कपूरकाचरी 50, आंबेहळद 25, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड 25. काष्ठौषधीच्या दुकानात सगळं मिळतं, आणि दळूनच मागा, कारण वाळा आणि नागरमोथा घरच्या मिक्सरला दाद देत नाहीत. चाळताना पूड उडते, म्हणून मुलांच्या नाकातोंडाला रुमाल बांधा आणि पंखा बंद ठेवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला चाळण्यापासून लांबच ठेवलेलं बरं, त्याला पुड्यांवर ठसे मारायला द्या. पुडीवर 'उटणं' असं ठळक लिहा आणि आत काय काय आहे तेही लिहा. कुणाच्या त्वचेला आंबेहळद चालत नाही, कुणाला सुगंधी मुळ्यांचा त्रास होतो. फराळाच्या डब्यांशेजारी बिननावाची पिवळसर पुडी ठेवणं तर बरंच नाही.

ठशांवरून आठवलं, तुमच्या मुलासाठी याहून चांगलं काम नाही. भेंडी घ्या, कोवळी नको, जून. देठाकडून तीन सेंटिमीटरवर आडवी कापा. देठ ही मूठ आणि कापलेला भाग म्हणजे पाच पाकळ्यांचं फूल. ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यात घट्ट पोस्टर कलर ओता, भेंडी त्यावर टेकवायची आणि कागदावर दाबायची. सरळ वाटीत बुडवली तर फुलाचा डाग होतो. या ठशांच्या तपकिरी कागदातून पिशव्या आणि ओवाळणीची पाकिटं करा. भाऊबीजेला आमच्याकडे सगळे भाऊ याच पाकिटातून ओवाळणी घालतात, आणि माझ्या आत्याने पाकिटं जपून ठेवली आहेत, त्यातले पैसे केव्हाच खर्च झाले तरी.

फराळातलं काही द्यायचं असेल तर शंकरपाळे, बाकी काही नाही. दूध, साखर आणि तूप प्रत्येकी एक वाटी, गरम करून साखर विरघळवायची, गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा. पोळी लाटून दिली की मुलगी कातण्याने कापते. वेडेवाकडे चौकोन आले तरी चवीत फरक पडत नाही. तळताना मुलं स्वयंपाकघरात नकोत, यात मी कधीच सवलत देत नाही. चकल्या-करंज्यांना मुलांचा हात लावण्याचा हट्ट या वयात धरू नका.

आजी-आजोबा वेगळे राहत असतील तर त्यांच्यासाठी एक खास गोष्ट सुचवते: परातीतला किल्ला. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून माझे सासरे किल्ल्याला मुकले होते. मुलांनी एका जुन्या परातीत माती, विटांचे तुकडे आणि पोत्याची चिंधी घेऊन राजगड केला. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. हा आकार मातीत सहज जमतो, तीन बोटं पसरल्यासारखा. वरून मोहरी आणि अळीव पेरले. रोज हलकं पाणी शिंपडलं की पाच-सहा दिवसांत किल्ला हिरवा होतो, म्हणून वसुबारसेच्या आधी साधारण आठवडाभर पेरा. माती ओली असताना परात जड होते, उचलायला दोन माणसं लागतात. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात राजगडही आहे. सासऱ्यांनी ती बातमी कापून परातीमागच्या भिंतीवर लावली आणि येणाऱ्या प्रत्येकाला नातवंडांची संजीवनी माची दाखवली.

वेळापत्रकाचं म्हणाल तर दसऱ्यापासून दिवाळी वीस दिवसांवर असते. दसऱ्यापर्यंत सामान घरात आणि पणत्या धुऊन वाळलेल्या असाव्यात. रंगकाम दसऱ्यापासून पुढचे अकरा-बारा दिवस, रोज संध्याकाळी अर्धा तास, दिवसाला तीन पणत्या. त्याहून जास्त नको. मुलाने आज नाही म्हटलं तर आज नाही, पाच आठवडे हातात असण्याचा हाच फायदा आहे. त्यानंतर बांधाबांध आणि चिठ्ठ्या. फराळ सगळ्यात शेवटी.

आता भाऊ. पणती परदेशी पोचेपर्यंत तिचे तुकडे होतात, आणि पूड किंवा खाण्याच्या वस्तू पाठवायच्या तर तिथले नियम आधी बघावे लागतात. त्याला कंदील पाठवा, पण न जोडलेला. ए-फोर आकाराचा जाड रंगीत कागद लांबीत दुमडायचा, दुमडीच्या बाजूने दीड-दीड सेंटिमीटरवर पेन्सिलीच्या रेघा तुम्ही मारायच्या आणि उघड्या कडेपासून दोन सेंटिमीटर आधी थांबायचं. रेघांवर मुलगी कापेल. दुसरा पिवळा कागद 17 सेंटिमीटर उंचीचा कापून ठेवा, ती आतली नळी. बाहेरचा कागद उघडल्यावर 21 सेंटिमीटर भरतो. तो आतल्या नळीच्या उंचीवर आणून चिकटवला की कापलेल्या पट्ट्या फुगून बाहेर येतात. झिरमिळ्यांवर मुलाचे भेंडीचे ठसे. चिकटवायला घरी पिठाची खळ शिजवणार असाल तर जुन्या पद्धतीप्रमाणे त्यात मोरचूद घालू नका, ते विषारी असतं आणि मुलं बोटं चाटतात. खरं तर पाठवायच्या कंदिलाला खळ नकोच. कडांना दुहेरी चिकटपट्टी लावा, तिचा वरचा कागद तसाच ठेवा, आणि सगळं सपाट एका मोठ्या पाकिटात घाला. आत एलईडीची बारीक माळच सोडायची, पणती किंवा मेणबत्ती नाही, हे मुलीच्या अक्षरात लिहून पाठवा.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिला आम्ही असा कंदील पहिल्यांदा पाठवला तेव्हा तिच्या मुलाने तो व्हिडिओ कॉलवर जोडला. इकडून माझी मुलगी सांगत होती, "आता लाल बाजू बाहेर, नाही, उलटी झाली, परत फिरव." तिकडे सकाळ, इकडे रात्र. चाळीस मिनिटं लागली. कंदील थोडा कलला होता, त्यांनी तो तसाच खिडकीत टांगला, आणि डिसेंबरमध्ये फोन केला तेव्हाही तो तिथेच होता.