'गेट' शिकताना आधी एवढंच करा

इंग्रजीतल्या 'गेट' (get) या क्रियापदाचे शब्दकोशातले सगळे अर्थ पाठ करायला घेतले असतील, तर आधी ते थांबवा. भूक लागते, ठेच लागते, घर वाटेत लागतं. आपण 'लागणं'चे अर्थ कधी पाठ केले? शेजारच्या शब्दावरून कळतं. 'गेट'चंही तसंच, फक्त पुढे काय आलंय ते बघा.

- वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: 'आय गॉट अ लेटर'.
- विशेषण आलं तर होणं: 'द टी इज गेटिंग कोल्ड', चहा गार होतोय. नवशिके इथेच अडतात, कारण 'मिळणं' डोक्यात पक्कं बसलेलं असतं.
- 'टू' आणि ठिकाण आलं तर पोहोचणं: 'गेट टू पुणे'. मात्र होम, हिअर, देअर यांच्याआधी 'टू' नको. 'गेट होम' एवढंच.

सर्रास होणारी चूक म्हणजे 'आय डिडन्ट गॉट'. भूतकाळ 'डिड'ने आधीच दाखवलाय, म्हणून पुढे मूळ रूप: 'आय डिडन्ट गेट'. हे बरोबर वाक्य मोठ्याने दहादा म्हणा, जीभ वळते.

'गेट अप', 'गेट ओव्हर' वगैरे जोड्या महिनाभर बाजूला ठेवा. वरच्या तिन्ही प्रकारांची रोज दोन-दोन वाक्यं लिहा, नक्की जमेल.