रात्रीची सायकल आणि जेवणाचं गणित

प्रश्न : ताई, कोथरूडला राहतो. ऑफिसातून यायला साडेआठ होतात. जेवून सायकल काढली की पोट जड, उपाशी गेलो की परतल्यावर नुसता फडशा. काय करू?

उत्तर : जेवण दोन हप्त्यांत करा. आल्या आल्या केळं किंवा मूठभर चणे-गूळ. परतल्यावर ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ. खरं घोडं अडतं ते तयारीपाशी. दिवा चार्ज नाही, हेल्मेट माळ्यावर! ऑफिसला जाताना दिवा चार्जिंगला लावा, हेल्मेट दाराच्या खुंटीवर. मागे लाल दिवा हवाच. कर्वे रस्त्यापेक्षा आतल्या गल्ल्या बऱ्या, पण तिथल्या गतिरोधकांचे पट्टे पुसलेले असतात. पुढचा दिवा जरा खाली वळवा. कुत्री मागे लागली तर उतरून, सायकल मध्ये धरून चाला.