आधी कॅबिनेट उघड, मग कार्ड शोध

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष, पुण्यात कोथरूडला रूम, ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप, त्यात आय-५ ८५००, १६ जीबी रॅम आणि २६० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. काम मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं, रविवारी थोडं गेमिंग, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवंय. घरून २० हजार मिळालेत. टिळक रोडवरच्या दुकानात "आजचा भाव आज, उद्याचं सांगता येत नाही" असं ऐकून तू धसका घेतलास, आणि आता हिंजवडीतला एक जण एएमडीचं ८ जीबीचं आरएक्स ५८० कार्ड सहा हजारांत देतोय, ते घेऊन टाकू का, असं विचारतोयस.

नको घेऊस. सहा हजारांत नको आणि तीन हजारांतही नको.

पहिलं कारण विजेचं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरीने येते, ६ पिनच्या कनेक्टरने आणखी ७५ आणि ८ पिनच्या कनेक्टरने १५०. आरएक्स ५८० ला १८५ वॉट लागतात. तुझ्यासारख्या ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये ती जादा वायर बहुतेक वेळा दिलेलीच नसते. मग कोणीतरी सांगतं, तापकीर गल्लीत साटाचं (हार्ड डिस्कच्या वायरीचं) ८ पिन करणारा ॲडॉप्टर मिळतो, लावून टाक. कृपा करून लावू नकोस. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपुरता बनवलेला असतो. त्यातून दुप्पट-तिप्पट वीज ओढली की प्लास्टिक वितळतं. असे काळे पडलेले कनेक्टर मी हातात घेतलेत. रात्रभर रेंडर (मॉडेलचं अंतिम चित्र बनवणं) लावून झोपणाऱ्या मुलाच्या खोलीत हे नको.

दुसरं कारण ब्लेंडरचं, आणि ते विकणारा तुला सांगणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ब्लेंडर ३.० पासून सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनमधलं ओपनसीएल, म्हणजे एएमडीच्या कार्डांकडून रेंडर करून घेण्याची जुनी सोय, काढून टाकलं. त्यांच्यासाठी त्यानंतर एचआयपी ही नवी सोय आली, पण त्यात आरएक्स ५८० च्या पिढीला जागा नाही. म्हणजे कार्ड बसवलंस, ड्रायव्हर घातलास, स्क्रीन झकास दिसली, तरी रेंडर मात्र तुझा प्रोसेसरच करत बसेल. ज्या कामासाठी पैसे घालायचे तेच होणार नाही. शिवाय हे कार्ड एप्रिल २०१७ चं. या पिढीतली कितीतरी कार्डं क्रिप्टोचलनाच्या मायनिंगमध्ये दिवसरात्र राबलेली आहेत.

आता तुझ्या कॅबिनेटमध्ये काय बसेल ते बघू. लोक "२० हजारांत कुठलं कार्ड" विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, तुझ्या कॅबिनेटचं झाकण उघडून आत बघितलंस का? कार्डांच्या टंचाईच्या दिवसांत जे हाताला लागेल ते घ्यावंसं वाटतं, आणि घरी आल्यावर कार्ड बसत नाही, किंवा बसतं पण पीसी चालू होत नाही. तुझं मशीन उभं, मोठं असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड जाईल. पुस्तकासारखं बारीक असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचंच कार्ड लागेल, आणि सोबत मागची छोटी धातूची पट्टीही (ब्रॅकेट) हवी. स्लॉटच्या शेजारी दोन स्लॉटांइतकी मोकळी जागा आहे का तेही बघ, कारण काही मॉडेलांत एसएमपीएस अगदी चिकटून असतो. आणखी एक: काही बारीक ऑफिस डेस्कटॉपचा स्लॉट पूर्ण ७५ वॉट देत नाही. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. दहा मिनिटं जातील, पण वाच.

हे सगळं जुळत असेल तर तुझ्यासाठी माझ्या मते एकच नवं कार्ड आहे, एनव्हिडियाचं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०. ७० वॉटमध्ये चालतं, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, लो-प्रोफाइलमध्येही मिळतं. काही मॉडेलांना ६ पिनची वायर दिलेली असते, म्हणून खोक्यावरच्या नावावर न जाता कार्डाची वरची कड डोळ्यांनी बघ. ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स ही एनव्हिडियाची वेगवान रेंडरची सोय चालते, आणि रे ट्रेसिंगचे (प्रकाशाचा मार्ग मोजणारे) वेगळे कोअर असल्यामुळे रेंडरला त्याचा खरा उपयोग होतो. तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड ७० चं, बाकी सगळं धरूनही २६० वॉटचा एसएमपीएस आरामात पेलतो.

इथे एका गोष्टीची फार काळजी घे. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. जानेवारी २०२२ चं ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं, २५६० कुडा कोअरचं (आकडेमोड करणारे भाग), १२८ बिटचं (मेमरीच्या रस्त्याची रुंदी). फेब्रुवारी २०२४ चं ६ जीबीचं कार्ड २३०४ कोअरचं आणि ९६ बिटचं. फरक फक्त दोन जीबीचा नाही, आतला चिपच कमी ताकदीचा चालवलेला आहे. ६ जीबीचं कार्ड ८ जीबीच्या भावात गळ्यात मारलं जातं ते याच नावामुळे. तुला ६ जीबीचंच हवंय, पण भाव करताना ते ६ जीबीचं आहे हे तुझ्या तोंडात असू दे. २० हजारांच्या वर गेलं तर त्या दिवशी घेऊ नकोस, परत ये.

ते मिळालंच नाही तर सेकंडहँड जीटीएक्स १६५०. ४ जीबी, २०१९ चं कार्ड. मोठ्या सीनला अपुरं पडेल, पण बरीच मॉडेलं ७५ वॉटमध्ये चालतात आणि ड्रायव्हर अजून येतात. त्याच्या मागचं जीटीएक्स १०५० टीआय मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या पिढीचे नेहमीचे गेम ड्रायव्हर बंद केले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. आरएक्स ६४०० सुद्धा तुझ्यासाठी नाही. ते डेटाच्या चारच लेनवर चालतं आणि तुझ्या बोर्डाचा स्लॉट जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, त्यामुळे आहे तेवढा वेगही मिळणार नाही. इंटेलच्या आर्कचं बी५८० कोणी सुचवलं असेल तर कार्ड चांगलंच आहे, पण त्याला १९० वॉट आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) दोन्ही लागतात. तुझ्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरला इंटेलने रिसायझेबल बार अधिकृतपणे दिलेलंच नाही.

दुकानदार खोटं बोलतोय का, असंही तू विचारलंस. नाही, टंचाई खरी आहे. फक्त ती २०२१ सारखी नाही. तेव्हा कार्डं मायनिंगवाले उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग थांबलं आणि तीच कार्डं ढिगाने सेकंडहँड बाजारात आली, भाव उतरले. या वेळी अडचण मेमरीची आहे. जगातली बहुतेक सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांनाही एआयच्या डेटा सेंटरांकडून मोठ्या ऑर्डरी आहेत. तिथे लागणारी अतिवेगवान एचबीएम मेमरी बनवायला तेवढ्याच जीबीसाठी साध्या रॅमच्या जवळपास तिप्पट वेफर (चिप बनवायची सिलिकॉनची चकती) खर्ची पडतो. तिकडे जेवढं वळलं तेवढं आपल्या रॅमला आणि कार्डावरच्या मेमरीला कमी पडलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं, यावरून ओळख. आणि एचबीएम एआयच्या चिपच्या शेजारी कायमची जोडलेली असते, ती उद्या सुटी होऊन आपल्या बाजारात येणार नाही. म्हणून "सहा महिने थांब, २०२२ सारखं सगळं कोसळेल" असा सल्ला मी या वेळी देत नाही. पण म्हणून आज संध्याकाळीच घेतलं पाहिजे असंही नाही. आणि तुझी १६ जीबी रॅम जपून ठेव. कोणी "जुनी रॅम दे, कार्डात वळती करतो" म्हणालं तर सरळ नाही म्हण.

भाव वाजवी आहे का हे ओळखायला मी एक साधा हिशोब करतो. कार्डाची अमेरिकेतली जाहीर किंमत घ्यायची, डॉलर ९० रुपये धरायचा आणि वर १८ टक्के जीएसटी लावायचा. २४९ डॉलरचं आरटीएक्स ५०५० किंवा बी५८० यात साडेसव्वीस हजारांच्या आसपास येतं, २९९ डॉलरचं आरटीएक्स ५०६० पावणेबत्तीस हजार, १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी सदतीस हजार. दोन-तीन हजार वर गेले तर ते वाहतूक आणि दुकानदाराची मेहनत समजायची. दहा हजार वर असेल तर ती भीतीची किंमत आहे. ही कार्डं तुझ्या कॅबिनेटमध्ये चालणार नाहीत, पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहिलं.

सेकंडहँडचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलोय. २०२१ च्या उन्हाळ्यात भाचीला ऑनलाइन कॉलेजसाठी कार्ड हवं होतं. एका जाहिरातीवरून स्वारगेटजवळ भेटून जीटीएक्स १०५० टीआय घेतलं, खोकं नवं, भाव बरा. घरी एनव्हिडियाचा ड्रायव्हर काही केल्या बसेना. जीपीयू-झेड हे कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर नावाच्या आधीच "फेक" लिहून आलं. दहा वर्षं जुन्या चिपवर बायॉस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव चढवलेलं होतं. त्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट होता, आणि खऱ्या १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. एवढं तेव्हा बघितलं असतं तर भाचीचे पैसे वाचले असते. विकणाऱ्याचा फोन त्यानंतर लागला नाही.

तेव्हापासून मी रस्त्यात कार्ड घेत नाही. विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या पीसीवर चालतं बघायचं. आधी जीपीयू-झेड, मग वीस मिनिटं युनिजिन सुपरपोझिशन ही कार्डावर ताण देणारी टेस्ट किंवा तत्सम काही, तेवढ्यात तापमान आणि पंख्याचा आवाज. स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे दिसले की आभार मानून निघायचं. मूळ बिल मागायचं आणि त्यावरचा सिरीयल नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडायचा. पैसे शेवटी. नवं घेतानाही जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर हवाच. बिलाशिवाय हजार रुपये कमी करतो म्हणाले तरी नको, वॉरंटीच्या वेळी त्या हजाराची आठवण येते. परदेशातून कोणी आणून देत असेल तर भारतात वॉरंटी आहे का ते आधी विचार, बहुतेकदा नसते.

आणि कार्ड येईपर्यंत सबमिशन अडू देऊ नकोस. झाडं, खुर्च्या, खिडक्यांच्या प्रती काढताना शिफ्ट-डी ऐवजी ऑल्ट-डी वापर. मग दोनशे गुलमोहरांची जाळी मेमरीत एकदाच बसते. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चरची मर्यादा लाव, सॅम्पल कमी ठेवून डीनॉइझ कर. ६ जीबी कार्डावरसुद्धा हीच सवय तुला तारेल, कारण सीन व्हीरॅममध्ये (कार्डावरच्या मेमरीत) मावला नाही की रेंडर रखडतं.

आज रात्री झाकण उघड. एसएमपीएसच्या स्टिकरचा, स्लॉटच्या आजूबाजूच्या जागेचा आणि मागच्या पट्ट्यांचा फोटो टाक. पट्टीची उंची मोजून लिही, बारा सेंटिमीटरच्या आसपास की आठच्या, तेवढं कळलं की पुरे. शनिवारी टिळक रोडला जाण्याआधी कुठलं मॉडेल मागायचं ते मी सांगतो.