फुफीची सही

प्रश्न असा आहे : मुस्लिम घरात वाढताना धर्माची शिकवण आणि घरातलं वागणं यात विसंगती जाणवली का?

हो, जाणवली. आणि ती नमाज-रोजात नव्हती, जमिनीच्या कागदात होती.

माझं माहेर चिपळूणजवळ, खाडीकाठच्या गावात. अब्बांचं किराणा दुकान. रमजानात ते दुकानातला माल मोजायचे, गल्ल्यातली रोकड आणि बँकेतली शिल्लक त्यात धरायचे आणि अडीच टक्के जकात, म्हणजे गरिबांसाठीचं बंधनकारक दान, काढायचे. हिशोब रुपयात बसला नाही तर वरचा रुपया धरायचे. "गरिबाचा हक्क आपल्या घरात राहायला नको," म्हणायचे. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

त्याच अब्बांनी आजोबांच्या घराची वाटणी झाली तेव्हा फुफीकडून, म्हणजे माझ्या आत्याकडून, हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी अकरा वर्षांची होते. फुफीने पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. "खुशीनं सोडते," म्हणाली आणि लगेच उठून चुलीपाशी गेली. तिथे काहीच काम नव्हतं.

मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या कुराणाच्या शाळेत, चौथा सिपारा (कुराणाचा चौथा भाग) आम्ही सुरात म्हणायचो. त्यातच सूरह निसा या अध्यायाची अकरावी आयत आहे : मुलाला दोन मुलींइतका हिस्सा. म्हणजे मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. हा अर्थ मला कॉलेजात मराठी भाषांतर वाचल्यावर कळला. मकतबमध्ये कुणी सांगितला नव्हता.

लोक कायदाही पुढे करतात. मुस्लिमांच्या वारशाला शरियत लागू करणाऱ्या 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळली आहे, हे खरं. पण कुराणाने कुठे वगळली आहे? लग्नात दिलेला जहेज (हुंडा) म्हणजेच हिस्सा, हेही ऐकवतात. मुलीकडून जहेज मागायला धर्म सांगत नाही, उलट नवऱ्याने तिला महर, म्हणजे लग्नात ठरलेली रक्कम, द्यायचा असतो. तो मात्र आमच्याकडे बहुतेक वेळा निकाहनाम्यावर, म्हणजे लग्नाच्या करारावरच, राहतो.

दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. मागे अम्मी, भाऊ आणि मी. कुराणाच्या हिशोबाने चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, भावाचे चौदा, माझे सात. भावाने हक्कसोडपत्राचा कागद आणला, तेव्हा अम्मी म्हणाली, "सही कर गं, माहेर तुटेल." मी भावाला अब्बांची जकातीची वही दाखवली आणि माझे सात भाग मागितले. तो काही न बोलता निघून गेला. यंदा ईदला आला, शीरखुर्मा खाल्ला, माझ्या मुलीला ईदी दिली. कागदाचा विषय त्याने काढला नाही. मीही सही केलेली नाही.